थरावर थर : खडकात उतरणारं बिट संगणकातल्या आकृतीपासून कसं घडतं

गावात बोअर मारायची गाडी येते तेव्हा दांड्यांच्या टोकाला बटणं बसवलेला एक पोलादी गोळा असतो, तो आपल्यापैकी बहुतेकांनी पाहिलेला आहे. तो ठोके देत खाली जातो. आज आपण त्याच्या चुलत भावंडाबद्दल बोलणार आहोत. तेल आणि वायूच्या विहिरींसाठी जे बिट वापरतात त्यातला एक मोठा प्रकार ठोकत नाही, तो खरवडतो. सुतार रंधा मारतो तसा. त्याला पीडीसी बिट म्हणतात. त्यातला प्रश्न असा की, हे बिट किंवा त्याचे भाग संगणकातल्या आकृतीवरून थेट, थरावर थर चढवून करता येतील का? आणि येत असतील तर सगळं जग आज तसंच का करत नाही?

आधी बिटाची ओळख करून घेऊ. साडेआठ इंच व्यासाचं, म्हणजे सुमारे २१६ मिलिमीटरचं बिट हे बऱ्याच विहिरींत लागणारं माप आहे. त्याला खालच्या बाजूला पाच-सहा उभी पाती असतात आणि पात्यांच्या कडेवर छोट्या चकत्या बसवलेल्या असतात. या चकत्या म्हणजे कटर. व्यास साधारण १३, १६ किंवा १९ मिलिमीटर. चकतीचा तळ टंगस्टन कार्बाइडचा आणि वरचा पातळ थर कृत्रिम हिऱ्याचा. जनरल इलेक्ट्रिकच्या प्रयोगशाळेत १९५४ मध्ये कृत्रिम हिरा तयार झाला आणि १९७० च्या दशकात त्यातून या चकत्या विहिरीपर्यंत पोचल्या. चकती करताना हिऱ्याच्या कणांवर वातावरणाच्या पन्नास-साठ हजार पट दाब आणि सुमारे १,४०० अंश सेल्सिअस तापमान लावतात. दोन पात्यांच्या मधे खोल पन्हळी असतात. त्यातून चिखल, म्हणजे ड्रिलिंगचं द्रव, खडकाचा चुरा घेऊन वर जातं. हे द्रव बिटाच्या पोटातल्या वाटांनी येऊन नोझलमधून जोरात बाहेर पडतं.

आता पैशाची गोष्ट करू, कारण तिच्याशिवाय पुढचं काही कळणार नाही. समजा, बिट ३,००० मीटरवर आहे आणि त्याचं एक पातं मोडलं. खाली माणूस जात नाही. सगळे पाइप वर ओढायचे, तीन-तीन पाइपांचे जोड सोडून डेरिकमध्ये उभे करायचे. एक पाइप नऊ मीटरच्या आसपासचा, म्हणजे शंभराहून जास्त जोड. मग नवं बिट लावायचं आणि तेवढेच जोड पुन्हा घट्ट करत खाली जायचं. या सगळ्या वेळात विहीर एक मिलिमीटरही पुढे जात नाही, आणि खोल समुद्रातल्या रिगचं एका दिवसाचं भाडं कोटी रुपयांच्या घरात जातं. मोडलेला तुकडा खालीच राहिला तर तो नव्या बिटाचेही कटर फोडतो. त्यामुळे विहिरीवरचा माणूस बिट घेताना ते किती आधुनिक पद्धतीने केलंय हे विचारत नाही. ते वर येईपर्यंत टिकेल का, एवढंच विचारतो. आजचं सगळं बोलणं या एका प्रश्नाभोवती फिरणार आहे.

खडक जागोजागी बदलतो, हे आपल्याला सांगायला नको. कोयनेला भूकंपांच्या अभ्यासासाठी जे खोल विवर खोदलं आणि जे २०१७ मध्ये ३ किलोमीटरपर्यंत पोचलं, तिथे वरचा सव्वा किलोमीटर आपला काळा बेसाल्ट लागला आणि त्याखाली एकदम वेगळा, ग्रॅनाइटच्या जातीचा खडक. तेलाच्या विहिरीत शेल, वाळूखडक, चुनखडक असे थर येतात. मऊ खडकाला कमी पाती आणि मोठे कटर, कठीण खडकाला जास्त पाती आणि लहान कटर, असा ढोबळ हिशोब. त्यामुळे एकाच आकाराची हजारो बिटं कधीच लागत नाहीत. एका तेलक्षेत्रासाठी एक रचना, तीही चार विहिरींचा अनुभव आला की बदलायची. मोटारीच्या पिस्टनसारखं हे उत्पादन नाही. शिंप्याकडे कपडे शिवून घ्यावेत तसं जास्त आहे.

असं बिट करायची जुनी आणि आजही चालू असलेली पद्धत समजून घेऊ. कोल्हापूरकडच्या फौंड्रीत ज्यांनी काम पाहिलंय त्यांना ही पटकन कळेल. ग्राफाइटचा मोठा ठोकळा घ्यायचा आणि त्यात बिटाचा उलटा आकार कोरायचा. जिथे पातं तिथे खड्डा, जिथे पन्हळ तिथे उंचवटा. प्रत्येक कटरच्या खोबणीच्या जागी ग्राफाइटचा छोटा गुटका चिकटवायचा, म्हणजे तिथे धातू जाणार नाही. पोटातल्या द्रवाच्या वाटांसाठी राळ लावलेल्या वाळूचे कोअर ठेवायचे. मधोमध पोलादाचा एक पोकळ दांडा उभा करायचा. मग सगळीकडे टंगस्टन कार्बाइडची भुकटी भरायची, हलवून दाबून बसवायची, वर तांब्याच्या मिश्रधातूचे तुकडे ठेवायचे आणि सगळं भट्टीत घालायचं. या मिश्रधातूत तांब्याबरोबर निकेल, मँगनीज, जस्त वगैरे असतं. भट्टी सुमारे १,२०० अंशांना गेली की मिश्रधातू वितळतो आणि दिव्याच्या वातीत तेल चढावं तसा भुकटीच्या कणांमधल्या फटींत ओढला जातो. थंड झालं की साचा फोडायचा. आत बिटाचं शरीर तयार. कटर मात्र अजून बसलेले नसतात, ते शेवटी ब्रेझिंगने, म्हणजे जास्त तापमानाच्या डाखाने, खोबणीत बसवतात.

इथे कुणीही विचारेल की कटर आधीच साच्यात का ठेवत नाहीत. कारण ते मरतात. चकतीतल्या हिऱ्याच्या कणांमधे कोबाल्ट असतं. ते तापल्यावर हिऱ्यापेक्षा खूप जास्त फुगतं आणि कणांना एकमेकांपासून फाकवतं. शिवाय तेच कोबाल्ट हिऱ्याला पुन्हा ग्राफाइट व्हायला मदत करतं. ७५० अंशांच्या आसपास हा त्रास सुरू होतो, आणि भट्टी तर १,२०० ची. म्हणून शरीर आधी आणि हिरा नंतर, हा क्रम पक्का. नैसर्गिक हिऱ्यात असं कोबाल्ट नसतं, म्हणून तो मात्र पूर्वीपासून थेट साच्यात ठेवून भट्टीत घालत आले आहेत. हा क्रम लक्षात ठेवा, थरांच्या पद्धतीलाही त्यातून सुटका नाही.

या जुन्या पद्धतीत माणसाचा हात फार आहे. ग्राफाइट कोरणं, गुटके योग्य कोनात चिकटवणं, कोअर हाताने घासून बसवणं. एका बिटावर चाळीसेक कटर धरले, तर प्रत्येकाची जागा सांगायला तीन आकडे आणि कल सांगायला निदान दोन. म्हणजे दोनशे आकडे, आणि ते सगळे संगणकातल्या आकृतीत आधीच अचूक बसलेले असतात. तिथून ते ग्राफाइटच्या धुळीतून, हाताने चिकटवलेल्या गुटक्यांतून, फुगणाऱ्या आणि आकसणाऱ्या साच्यातून शेवटी धातूत उतरतात. प्रत्येक टप्प्यावर थोडा थोडा फरक पडतो. तेव्हा अभियंत्यांच्या मनात आलं की मधले टप्पे गाळले तर?

बेकर ह्यूजेस या अमेरिकी कंपनीला १९९५ मध्ये मिळालेल्या एका पेटंटमध्ये नेमकं हेच आहे. फिरत्या बिटाचं शरीर किंवा त्याचा एखादा भाग संगणकातल्या त्रिमिती आकृतीवरून, भुकटीचे थर एकावर एक जोडत करायचा आणि मग त्यात धातू भिजवून तो घट्ट करायचा. ही कल्पना हवेतून आली नव्हती. द्रव राळ प्रकाशाने थराथराने घट्ट करण्याचं पेटंट चार्ल्स हल यांना १९८६ मध्ये मिळालं होतं. टेक्सास विद्यापीठात कार्ल डेकार्ड आणि जो बीमन यांनी त्याच दशकात लेसरने भुकटी जोडून दाखवली. एमआयटीत इमॅन्युएल सॅक्स आणि सहकाऱ्यांनी भुकटीवर शाईच्या फवाऱ्यासारखा चिकट द्रव फवारण्याची रीत काढली.

थरांची कल्पना त्याहून कितीतरी जुनी आहे. शाळेत पुठ्ठ्याचा सह्याद्री केलेला आठवतोय का? सर्व्हे ऑफ इंडियाच्या नकाशावरच्या समोच्चरेषा घ्यायच्या, प्रत्येक रेषेप्रमाणे एक पुठ्ठा कापायचा आणि एकावर एक चिकटवायचे. डोंगर उभा राहतो. ब्लँथर नावाच्या गृहस्थांनी १८९२ मध्ये अमेरिकेत अशाच उठावाच्या नकाशांसाठी पेटंट घेतलं होतं. आज संगणक बिटाच्या बाबतीत तेच करतो. आकृतीचा पृष्ठभाग हजारो छोट्या त्रिकोणांत मोडतो आणि आडव्या पातळ्यांनी तो कापत जातो. प्रत्येक काप म्हणजे एक समोच्चरेषा. फक्त पुठ्ठ्याची जाडी इथे ०.०५ मिलिमीटर असते. २५० मिलिमीटर उंचीच्या बिटाचे असे ५,००० काप होतात.

पुठ्ठ्याच्या डोंगराला पायऱ्या दिसतात, त्या इथेही राहतात. उभी भिंत गुळगुळीत येते, पण तिरका पृष्ठभाग पायऱ्यांचा होतो, आणि बिटावर तर जवळपास सगळंच तिरकं. द्रवाच्या पन्हळीत पायऱ्या असल्या तर चालून जातं. कटरच्या खोबणीत नाही. ब्रेझिंगचा धातू फटीत नीट पसरायला फट ०.०५ ते ०.१ मिलिमीटरच्या घरातली लागते. त्याहून मोठी झाली तर जोड कमजोर, लहान झाली तर धातू आत शिरतच नाही. कटर ज्या जोराने खडकाला भिडतो ते पाहता, जोड सुटला की तो गेलाच. म्हणून थरांनी बिट केलं तरी खोबणीत गुटका ठेवणं किंवा ती शेवटी घासून मापात आणणं टळत नाही. आम्हाला वाटतं, या विषयावरच्या कौतुकाच्या लेखांत हीच गोष्ट सगळ्यात कमी सांगितली जाते.

आता थर जोडायचे कसे? मनात पहिल्यांदा लेसर येतो. पोलादासाठी तो ठीक. भुकटीचा पातळ थर पसरायचा, लेसरने हवा तेवढाच भाग वितळवायचा, पाटा थोडा खाली न्यायचा, पुन्हा थर. अडचण अशी की वितळलेला थर थंड होताना आकसतो आणि खालच्या गार थराला ओढतो. असे हजारो थर. कडा वर उचलल्या जातात, कधी तडा जातो. म्हणून वस्तू जाड पाटावर पक्की जोडूनच करतात आणि पाटावरून कापण्याआधी तापवून तिचा ताण काढतात. टंगस्टन कार्बाइडला लेसर त्याहून नकोसा. त्याचा वितळणबिंदू सुमारे २,८०० अंश. आपण वितळवायला जातो कोबाल्ट, पण लेसरच्या टोकाशी तापमान इतकं चढतं की कोबाल्ट उडायला लागतं, कार्बाइडमधला कार्बन कमी होतो आणि ठिसूळ संयुगं तयार होतात. वर त्या झपाट्याच्या गार होण्याने भेगा. ज्या वस्तूने खडकावर आपटायचं आहे तिला हे परवडत नाही.

म्हणून कार्बाइडसाठी डिंकाची वाट जास्त शहाणपणाची ठरते. तापमान नाहीच. थर पसरायचा, फवाऱ्याच्या डोक्याने डिंकाचे थेंब टाकायचे, पुढचा थर. शेवटी भुकटीच्या पेटीत पुरलेली एक नाजूक वस्तू मिळते. हातात घेतली तर कोपरा तुटेल अशी. ती भुकटीतून उकरून, ब्रशने साफ करून, डिंक जाळून काढायचा. आणि मग खरी निवड येते.

भुकटीच्या ढिगात जवळपास निम्मी जागा हवेची असते. ती घालवायची तर दोन मार्ग आहेत. एक म्हणजे भट्टीत इतकं तापवायचं की कण एकमेकांत सामावून हवा निघून जाईल. त्यात वस्तू आकसते, आणि थोडीथोडकी नाही. प्रत्येक लांबी १७ टक्क्यांनी कमी झाली तर २०० मिलिमीटरचा भाग १६६ चा होतो. आकृती आधीच मोठी करून ठेवता येते, पण आकसणं सगळीकडे सारखं नसतं. खालचा भाग पाटावर घासतो, उंच पातं स्वतःच्या वजनाने वाकतं. छोट्या नोझलला हे सांभाळता येतं, चाळीस खोबणींच्या बिटाला जड जातं. दुसरा मार्ग तोच जुना, दिव्याच्या वातीचा. कणांचा सांगाडा तसाच ठेवायचा आणि फटींत तांब्याचा मिश्रधातू ओढून घ्यायचा. सांगाडा हलत नाही, त्यामुळे आकसणं अगदी थोडं. बिटाच्या मोठ्या शरीरासाठी १९९५ च्या त्या पेटंटनेही भिजवण्याचाच रस्ता घेतला, तो यामुळेच. म्हणजे भट्टीतलं रसायन आणि भिजवणं जुनंच राहिलं, बदललं ते भुकटीला आकार देण्याचं काम.

पण मधला पोलादी दांडा विसरू नका. कार्बाइडच्या शरीराला आटे पाडता येत नाहीत, वेल्डिंगही नीट होत नाही. आट्यांची शँक ज्या पोलादाला वेल्ड करायची ते पोलाद आत असावंच लागतं. थरांनी केलेल्या सांगाड्याला मधे भोक ठेवून दांडा नंतर घालावा लागतो, आणि भिजवताना तोच द्रवधातू दोघांना जोडतो. पोलाद तापल्यावर कार्बाइडपेक्षा जास्त फुगतं, हा आणखी एक हिशोब.

आणखी एक वाट आहे, जिच्याकडे लोकांचं फारसं लक्ष जात नाही. बिट नको, साचाच थरांनी करू. वाळूच्या पेटीत ०.३ मिलिमीटरचे थर टाकले तर ३०० मिलिमीटर उंचीला १,००० थर, आणि एका थराला अर्धा मिनिट धरलं तरी साडेआठ तासांच्या आत साचा तयार. मोटार उद्योगाच्या फौंड्रीत असे छापलेले कोअर आता नवलाईचे राहिलेले नाहीत. बिटात मात्र १,२०० अंश तासन्‌तास सोसायचे असतात. राळ त्याआधीच जळून जाते, आणि साधी वाळू ५७३ अंशांना स्फटिकाची रचना बदलताना एकदम फुगते, साच्याला भेगा पडतात. ग्राफाइटला यातलं काही होत नाही. म्हणून वेगळ्या जातीची वाळू, किंवा बाहेर ग्राफाइटची वाटी आणि आत छापलेले भाग, अशी सांगड घालावी लागते. आमच्या मते थरांचा सगळ्यात खरा फायदा पोटातल्या द्रवाच्या वाटांच्या कोअरमध्ये आहे. हाताने करायला तेच सर्वांत किचकट, शेवटी फोडून टाकायचेच, आणि त्यांच्या पायऱ्यांनी फारसं बिघडत नाही. वाट वळणदार करता आली की नोझलचा झोत नेमका कटरच्या तोंडाशी नेता येतो. कटर गार राहिला की कोबाल्टचा तो त्रास लांबतो. बिटाचं आयुष्य तिथे वाढतं.

हाच धडा कारखान्यातल्या लहान ड्रिलमध्ये जास्त स्वच्छ दिसतो. जर्मनीतल्या मापाल कंपनीने बदलत्या टोकाच्या ड्रिलची पोलादी अंगं लेसरने थरावर थर करून विकायला काढली, अगदी ८ मिलिमीटर व्यासापर्यंत. जुन्या रीतीत शीतक द्रवाचं सरळ भोक मधून पाडतात आणि टोकाशी त्याला फाटे फोडतात. बारीक ड्रिलचा गाभा त्याने पोकळ होऊन कमजोर पडतो. थरांनी करताना द्रवाची वाट पन्हळीबरोबर पिळत नेता येते, तीही गोलच असावी असं नाही. गाभा भरीव राहतो आणि द्रव जास्त जातो. इथे आकार लहान, पोलाद लेसरला सोयीचं, आणि टोक वेगळं बसवायचं. सगळ्या अटी जुळल्या.

तपासणीबद्दल दोन शब्द, कारण विहिरीवरच्या माणसाचा प्रश्न अजून तसाच आहे. थरांनी केलेल्या वस्तूत दोष आतमधे लपतो. डिंक नीट न पडलेला एक थर, मिश्रधातू न पोचलेला एक कोपरा. पोलादी भागाच्या आतली बंद छिद्रं आर्गॉन वायूच्या हजारेक वातावरणांच्या दाबाखाली तापवून मिटवता येतात, पण छिद्र पृष्ठभागाला उघडं असेल तर वायू त्यातच शिरतो आणि ते मिटत नाही. पाहायचं तर क्ष-किरण. आणि टंगस्टन तर क्ष-किरण अडवण्यात पटाईत, जाड पात्याच्या पलीकडे फारसं दिसतच नाही. मग ध्वनिलहरींनी चाचपायचं, आणि त्याच पेटीत बिटाबरोबर छोट्या पट्ट्या करून त्या मोडून पाहायच्या. पट्टी चांगली म्हणजे बिट चांगलं असेल, हा शेवटी अंदाजच. ग्राफाइटच्या साच्यातल्या बिटाबद्दल कारागिरांना काही दशकांचा अनुभव आहे, कुठे हवा अडकते हे त्यांना माहीत असतं. नव्या पद्धतीला तो अनुभव नव्याने, मोडलेल्या बिटांतूनच, मिळवावा लागतो.

व्याख्यानानंतर एका श्रोत्याने विचारलं की झिजलेल्या पात्यावर नवे थर चढवून तेच बिट पुन्हा वापरता येईल का. पोलादी शरीराच्या बिटावर येतं, आणि ते आजही करतात. नोझलमधून भुकटी सोडत लेसरने ती जागेवरच वितळवायची, किंवा साधं हार्डफेसिंग वेल्डिंग करायचं. इथे थर बदलता बदलता भुकटीही बदलता येते, आत चिवट आणि बाहेर कठीण असं अंग करता येतं. भुकटीच्या पेटीत ते अवघड, तिथे सगळीकडे एकच भुकटी. कार्बाइडच्या शरीराला मात्र अशी डागडुजी फार सोसत नाही. त्यात कटर काढून, चकती फिरवून तिची न झिजलेली कड पुढे आणून पुन्हा डाख देता येतो. बिट वर आलं की कटरची झीज ० ते ८ अशा आकड्यांत नोंदवतात. ० म्हणजे नवं, ८ म्हणजे कटर उरलाच नाही. दुरुस्ती करायची की भंगारात घालायचं, हे त्या आकड्यांवर आणि पात्याला तडा आहे की नाही यावर ठरतं. तडा गेलेलं कार्बाइडचं पातं पुन्हा खाली पाठवत नाहीत.